हार्वर्ड यार्ड आणि त्याचे पाहुणे

बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज शहरात, चार्ल्स नदीपासून थोड्याच अंतरावर, विटांच्या भिंती आणि लोखंडी कठडे यांनी वेढलेले सुमारे २२ एकरांचे एक आवार आहे. हार्वर्ड यार्ड या नावाने ते ओळखले जाते. अमेरिकेतील सर्वांत जुन्या विद्यापीठाचे हे मूळ ठिकाण. विद्यापीठाचा पसारा आता नदीपलीकडच्या ऑलस्टनपर्यंत आणि वैद्यकीय शाखेमुळे थेट बॉस्टन शहरात पोहोचला आहे. पण मुलाबाळांना घेऊन ‘हार्वर्ड बघायला’ येणारे कुटुंब येते ते या आवारातच. पुतळ्यापाशी छायाचित्र काढायचे, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसायचे, जमल्यास एखादे संग्रहालय पाहायचे आणि संध्याकाळी बॉस्टनला परतायचे, असा हा साधारण शिरस्ता. हा शिरस्ता अलीकडचा वाटतो. प्रत्यक्षात विद्यापीठ पाहायला येणारा पाहुणा येथे विद्यापीठाइतकाच जुना आहे. बदलत गेले ते त्याच्या येण्याचे कारण.

मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या विधिमंडळाने २८ ऑक्टोबर १६३६ रोजी एका महाविद्यालयासाठी ४०० पौंड मंजूर केले. तेव्हा ना इमारत होती, ना शिक्षक, ना विद्यार्थी. पुढल्या वर्षी जागा ठरली ती न्यूटाउन या वस्तीत. वसाहतीतील अनेक धर्मोपदेशक इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात शिकलेले असल्याने १६३८ मध्ये या वस्तीचे नाव केंब्रिज झाले. त्याच वर्षी चार्ल्सटाउन येथे जॉन हार्वर्ड हा तरुण धर्मोपदेशक क्षयाने वारला. वयाची तिशी नुकती गाठलेल्या या माणसाला इंग्लंडहून येऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्याने आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० ग्रंथ या नव्या शाळेला ठेवले, आणि कृतज्ञता म्हणून १६३९ मध्ये तिला त्याचे नाव मिळाले.

पहिला प्रमुख नथॅनिएल ईटन याची कारकीर्द वर्षभरात संपली. साहाय्यकाला सोट्याने झोडपल्याबद्दल त्याच्यावर खटला चालला. त्याच्या बायकोला विद्यार्थ्यांच्या जेवणाबद्दल जाब द्यावा लागला आणि मक्याच्या लापशीत शेळीच्या लेंड्या निघाल्याची तक्रार अधिकृत नोंदीत जाऊन बसली. आज मुलांना घेऊन फिरणाऱ्या वाटाड्याला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही, तरी ती सांगितली जाताना क्वचितच ऐकू येते. १६४० मध्ये आलेला हेन्री डन्स्टर हा पहिला अध्यक्ष. संस्था खऱ्या अर्थाने उभी केली ती त्याने.

डन्स्टरच्याच काळात, १६४२ मध्ये, पहिला पदवीदान समारंभ झाला. पदवीधर नऊ. समारंभाचा गाभा म्हणजे लॅटिनमधील जाहीर वादविवाद, आणि ते ऐकायला गव्हर्नरपासून गावोगावच्या धर्मोपदेशकांपर्यंत सारे जमले. हळूहळू हा दिवस साऱ्या वसाहतीचा सणच बनला. ज्या प्युरिटन समाजाने नाताळ साजरा करायला बंदी घातली होती, त्याला वर्षातून एकदा एकत्र जमायला निमित्त हवे होतेच. केंब्रिजच्या सार्वजनिक माळावर तंबू पडू लागले, खाण्यापिण्याची दुकाने लागली, कसरती आणि खेळ आले. लॅटिन कळणारे मूठभर. बाकी गर्दी जत्रेची. शेतकरी बायकामुलांसह गाडीतून यायचे आणि कोणाचा मुलगा पदवीधर होतो आहे याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नसायचे.

या जत्रेला आवर घालण्याचा विद्यापीठाचा प्रयत्न हा त्याच्या इतिहासातील एक मजेदार अध्याय आहे. पदवी घेणारे विद्यार्थी आपापल्या खोल्यांत आप्तेष्टांना मनुका घातलेला केक वाढत. इतर कोणत्याही विद्यापीठात ही चाल नाही आणि ती संस्थेला कमीपणा आणते, असे ठरवून १६९३ मध्ये या केकवर बंदी आली. मोडेल त्याला २० शिलिंग दंड. बंदी कोणी जुमानली नाही. १७२२ मध्ये भाजलेले, उकडलेले मांस, सर्व प्रकारचे ‘पाई’ हे सारण भरून भाजलेले पदार्थ आणि दारू यांवरही बंदी घालण्यात आली. त्यावर विद्यार्थ्यांनी ‘साधा केक’ या नावाखाली तोच पदार्थ चालू ठेवला, तेव्हा अशी पळवाट काढणाऱ्याला पदवी मिळणार नाही असा नवा नियम १७२७ मध्ये करावा लागला. त्याच सुमारास समारंभ शुक्रवारी ठेवायचे ठरले, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेआधी धिंगाण्याला फार दिवस मिळू नयेत. तारीख शक्य तितकी उशिरा जाहीर करण्याचाही प्रयोग झाला. १७४९ मध्ये तर तीन श्रीमंत वडिलांनी, ज्यांची मुले त्या वर्षी पदवीधर होणार होती, समारंभ खासगी पद्धतीने केल्यास १,००० पौंड देऊ केले. विद्यापीठाला पैशांची गरज होती, तरी देखरेख मंडळाने नकार दिला. पदवीदान हा साऱ्या वसाहतीचा दिवस आहे, चार घरांचा नव्हे, हे त्या नकाराने एकदाचे ठरले. आजही समारंभाची सुरुवात मिडलसेक्स परगण्याचा शेरीफ करून देतो. अठराव्या शतकातील गर्दी आवरायला लागणाऱ्या अधिकाऱ्याचे हे उरलेले रूप.

जत्रेला कोणीही यावे, पण वर्गात कोणी बसावे याचे नियम वेगळे होते. १७७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत विद्यार्थ्यांची नावे वर्णानुक्रमे नव्हे, तर घराण्याच्या प्रतिष्ठेच्या क्रमाने लावली जात. त्याच क्रमाने मिरवणुकीत चालायचे आणि त्याच क्रमाने जेवायला बसायचे. पालक म्हणून समारंभाला आलेला माणूस आपली समाजातील पायरी मुलाच्या नावाच्या जागेवरून चारचौघांत वाचू शकत असे. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी १६५५ च्या सुमारास आवारात विटांची ‘इंडियन कॉलेज’ ही इमारत उभी राहिली. तेथे शिकून १६६५ मध्ये पदवी घेणारा वाम्पानोआग जमातीचा केलेब चीशाहटॉमक वर्षभरातच क्षयाने गेला, आणि ती इमारत शतक संपण्याच्या आत पाडली गेली. मुलींचा प्रश्नच नव्हता. आई, बहीण, वाग्दत्त वधू या नात्यांनी त्या पाहुण्या म्हणून येत राहिल्या, आणि पुढची दोन शतके पाहुण्याच राहिल्या.

आवारात आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत म्हणजे १७२० मध्ये पुरी झालेला मॅसॅच्युसेट्स हॉल. त्याआधीचे काही उरलेले नाही. २४ जानेवारी १७६४ च्या रात्री हार्वर्ड हॉल जळाला आणि त्यासोबत सुमारे ५,००० ग्रंथांचे ग्रंथालयही. बॉस्टनमध्ये देवीची साथ असल्याने वसाहतीचे विधिमंडळ त्या हिवाळ्यात या इमारतीत भरत होते. त्यामुळे नवी इमारत बांधून देण्याची जबाबदारी त्याने मुकाट्याने घेतली आणि १७६६ मध्ये ती उभी राहिली. जॉन हार्वर्डच्या ग्रंथांपैकी वाचलेले एक पुस्तक एका विद्यार्थ्याकडे बाहेर होते. त्याने ते परत आणून दिले, अध्यक्षांनी आभार मानले आणि मुदत उलटल्याबद्दल त्याला काढून टाकले, असा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगतात. पुस्तक खरे, आग खरी, हकालपट्टीला मात्र आधार नाही. अमेरिकन क्रांतीच्या काळात १७७५ मध्ये आवार सैनिकांच्या ताब्यात गेले, विद्यार्थी काँकर्डला हलवावे लागले आणि युद्धाच्या वर्षांत जाहीर समारंभ झाले नाहीत.

एकोणिसाव्या शतकात पाहुण्यांचे स्वरूप पालटले. माळावरची जत्रा ओसरली आणि तिची जागा ‘क्लास डे’ने घेतली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा हा निरोपाचा दिवस जत्रेपेक्षा घरगुती होता. आईवडील, बहिणी, धाकटी भावंडे यांच्यासाठीच तो आखलेला असे. झाडांना कागदी कंदील टांगले जात, वाद्यवृंद वाजे, खोल्याखोल्यांतून फराळ चाले. आवारातील एका मोठ्या एल्म वृक्षाच्या बुंध्याला हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर फुलांचा पट्टा बांधलेला असायचा आणि जुने कपडे घातलेले विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यांवर चढून तो ओरबाडायचे, अगदी दहीहंडीच्या थरांसारखे. सभोवार बाकांवर बसलेल्या पाहुण्यांकडे मग फुले फेकली जात. कपडे फाटणे, अंग खरचटणे फार होऊ लागले तेव्हा शतकाच्या अखेरीस हा खेळ बंद पडला.

विद्यापीठ हे सहलीचे ठिकाण म्हणून छापील पुस्तकांत आले तेही याच काळात. मोझेस किंग या तरुणाने १८७८ मध्ये हार्वर्ड आणि त्याच्या परिसराची चित्रमय मार्गदर्शिका काढली. तो पुढे अमेरिकेतील शहरांच्या मार्गदर्शिकांचा नावाजलेला प्रकाशक झाला. तेव्हा पाहुण्यांचे मुख्य आकर्षण पुतळा नव्हता, कारण तो अजून बसायचा होता. आकर्षण होते ते यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढून पडलेल्या माजी विद्यार्थ्यांचे स्मारक असलेल्या मेमोरियल हॉलचे. चर्चसारख्या उंच छताच्या या इमारतीच्या मधल्या दालनात १३६ नावे संगमरवरावर कोरलेली आहेत. दक्षिणेकडून लढलेल्यांची नावे त्यांत नाहीत, आणि ती घालावीत की नाही हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. इमारतीच्या मोठ्या दालनात १८७४ पासून शेकडो विद्यार्थी एकाच वेळी जेवत आणि वरच्या सज्जातून पाहुणे त्यांचे जेवण पाहत. गावाकडून आलेल्या कुटुंबाला हा देखावा पाहण्यासारखा वाटे. विद्यार्थ्यांना काय वाटत असेल याची कल्पना करता येते. आज त्याच दालनात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी जेवतात आणि पर्यटकांना दारावरूनच परत फिरावे लागते.

मुलांसाठी म्हणून पाहावे असे काही येथे खरोखर असेल तर ती काचेची फुले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज लिंकन गुडेल यांना नव्या संग्रहालयासाठी नमुने हवे होते. वाळवलेल्या वनस्पती चपट्या आणि विटलेल्या, मेणाचे आणि कागदाच्या लगद्याचे नमुने ओबडधोबड. समुद्री प्राण्यांच्या काचेच्या प्रतिकृती करणारे लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का हे बापलेक ड्रेस्डेनजवळ राहत. त्यांच्याकडे गुडेल १८८६ मध्ये गेले आणि फुले करून देण्यासाठी त्यांची मनधरणी केली. पहिले नमुने न्यूयॉर्कच्या जकात कचेरीत तपासणीत फुटले, पण तुकडे पाहूनही काम पटण्याजोगे होते. बॉस्टनच्या एलिझाबेथ वेअर आणि त्यांची मुलगी मेरी ली वेअर यांनी एलिझाबेथ यांचे दिवंगत पती डॉ. चार्ल्स वेअर यांच्या स्मरणार्थ खर्च उचलला. लिओपोल्ड १८९५ मध्ये वारल्यावर रुडॉल्फ एकटाच चाळीस वर्षे हे काम करत राहिला आणि १९३६ मध्ये थांबला. सुमारे ७८० वनस्पतिजातींचे ४,००० हून अधिक नमुने या बापलेकांच्या हातून घडले. त्यांत डाग पडलेली आणि सडू लागलेली फळेही आहेत; रोग पडलेले फळ काचेत हुबेहूब उतरवणे हे टवटवीत फूल करण्याहून अवघड असावे. हे सारे मुख्यतः अभ्यासासाठी होते. तरी विज्ञानाच्या शिक्षणासाठी केलेल्या वस्तूकडे सर्वसामान्य माणूस कसा ओढला जातो याचे इतके लखलखीत उदाहरण दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात क्वचितच असेल.

आवाराला आजचे बंदिस्त रूप आले तेही याच शतकाच्या शेवटी. १८८९ मध्ये जॉन्स्टन गेट ही पहिली भव्य कमान उभी राहिली. पुढील दोन-तीन दशकांत निरनिराळ्या वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणग्यांतून एकेक फाटक आणि भिंतीचा एकेक तुकडा बांधला गेला. तोवर आवार आणि गाव यांच्यात साधे कुंपण होते. दारे आली आणि आत शिरण्याला एक प्रकारचा समारंभी अर्थ आला. त्यात १९१२ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली आणि बॉस्टनच्या मध्यवर्ती पार्क स्ट्रीट स्थानकापासून हार्वर्ड चौक आठ मिनिटांवर आला. घोड्यांच्या ट्रामने लागणारा वेळ आठवणाऱ्या पिढीसाठी ही क्रांतीच होती. विद्यापीठ पाहणे ही आता दिवसाची सहल उरली नाही; ते दुपारच्या मोकळ्या वेळात बसवता येण्याजोगे झाले.

पुतळ्याची कथा स्वतंत्र सांगण्यासारखी आहे, कारण या आवारातील आजची अर्धी वर्दळ त्याच्याभोवती असते. सॅम्युएल ब्रिज या देणगीदाराने दिलेला, डॅनिएल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने घडवलेला हा ब्राँझचा पुतळा १८८४ मध्ये मेमोरियल हॉलजवळ उभारला गेला. (वॉशिंग्टनमधील लिंकनचा भव्य बसलेला पुतळा याच फ्रेंचचा.) १९२४ मध्ये तो युनिव्हर्सिटी हॉलसमोर हलवला. जॉन हार्वर्डचे एकही चित्र उपलब्ध नव्हते, म्हणून फ्रेंचने शर्मन होर या तरुणाला समोर बसवून एक सौम्य, अभ्यासू प्युरिटन चेहरा रचला. चौथऱ्यावर नाव, ‘संस्थापक’ हा शब्द आणि १६३८ हे साल. तिन्ही गोष्टी शब्दशः चुकीच्या: चेहरा त्याचा नाही, संस्था विधिमंडळाने स्थापलेली, आणि ती १६३६ मध्ये. म्हणून याला ‘तीन असत्यांचा पुतळा’ म्हणतात आणि प्रत्येक वाटाड्या ही माहिती गुपित फोडल्याच्या आविर्भावात सांगतो. उत्तर म्हणून असे म्हणतात की संस्थापक हा एकच असावा लागत नाही आणि हार्वर्डच्या देणगीशिवाय ती शाळा टिकली असती की नाही याची शंकाच आहे. युक्तिवाद अगदीच लंगडा नाही.

पुतळ्याच्या डाव्या बुटाचे टोक मात्र सोन्यासारखे चमकते. त्याला हात लावल्यास नशीब उघडते, प्रवेश मिळतो, असे सांगून लहान मुलांना चौथऱ्यावर उचलून धरले जाते. ही जुनी विद्यार्थी-परंपरा असल्याचे समजून लोक ते करतात. विद्यार्थी ते करत नाहीत. बूट चोळण्याची चाल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटकांच्या आणि त्यांच्या वाटाड्यांच्या संगनमताने रूढ झाली. विद्यार्थ्यांच्या रात्रीच्या खोडसाळपणात याच बुटाची काय विटंबना होते हे कळले तर बरेच पालक हात आवरतील. नवस बोलण्याची जागा माणसाला कोठेही सापडते, त्यासाठी देव लागतोच असे नाही.

वायडनर ग्रंथालयाभोवतीही अशाच दंतकथा जमल्या आहेत. हॅरी एल्किन्स वायडनर हा १९०७ चा पदवीधर आणि दुर्मीळ ग्रंथांचा संग्राहक टायटॅनिक जहाजावर २७ व्या वर्षी वडिलांसह बुडाला. आई एलिनर वाचली. तिने मुलाच्या नावाने दिलेली इमारत १९१५ मध्ये खुली झाली. मुलगा पोहता येत नसल्याने बुडाला म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला पोहण्याची परीक्षा द्यावी लागेल, आणि त्याला आवडायचे म्हणून जेवणात रोज आइस्क्रीम असेल, अशा तिच्या अटी होत्या, हे पाहुण्यांना हटकून ऐकवतात. अशा अटी देणगीच्या कागदपत्रांत नाहीत. तसेही अटलांटिकच्या त्या थंड पाण्यात पोहता येण्याचा काय उपयोग होता? तिने खरी घातलेली अट रुक्ष होती, इमारतीच्या रचनेत फेरफार न करण्याची, म्हणून ती कोणी सांगत नाही. इमारतीच्या पायऱ्यांवर कोणालाही बसता येते. आत मात्र ओळखपत्राशिवाय जाता येत नाही.

या आवाराशी मराठी जगाचा पहिला ठळक संबंध याच सुमाराचा. गोव्यातील साखवाळचे पाली पंडित धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला आले ते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाचे ते काम त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि कोसंबी परतले. १९१८ मध्ये ते पुन्हा आले तेव्हा सोबत मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर होते. म्हणजे आवार पाहायला नव्हे, तर त्याच्या सावलीत राहायला आलेले हे कुटुंब. माणिक यांनी रॅडक्लिफ या मुलींच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले; दामोदर केंब्रिजच्या शाळेत शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून द. ध. कोसंबी हे नाव सर्वतोमुखी झाले. ‘विसुद्धिमग्ग’ची ती आवृत्ती हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत निघाली १९५० मध्ये, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. हार्वर्डला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला सांगण्याजोगी ही हकिगत पुतळ्याच्या तीन असत्यांपेक्षा नक्कीच मोलाची आहे.

१९३६ मध्ये विद्यापीठाची त्रिशताब्दी साजरी झाली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, जे स्वतः माजी विद्यार्थी होते, त्यांनी भर पावसात भाषण केले. वायडनर आणि मेमोरियल चर्च यांमधल्या हिरवळीला तेव्हापासून त्रिशताब्दी रंगमंच म्हणतात आणि पदवीदान आता तेथेच होते. चिनी माजी विद्यार्थ्यांनी त्या वर्षी संगमरवरी कासवाच्या पाठीवर उभा शिलालेख भेट दिला. वायडनरच्या शेजारी असलेले ते कासव लहान मुलांना हटकून आवडते, आणि त्याच्यापुढे थांबणाऱ्या चिनी कुटुंबांना त्यावरचा मजकूर वाचायला दुभाषा लागत नाही.

आतापर्यंतचा पाहुणा समारंभ, इमारती किंवा फुले पाहायला येत होता. आपले मूल येथे शिकेल का, हा प्रश्न घेऊन तो यायला लागला ते प्रवेशाची पद्धत बदलल्यामुळे. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाची परीक्षा उतरणाऱ्याला प्रवेश मिळे. ती उतरण्यासाठी लॅटिन-ग्रीक शिकवणारी खासगी शाळा परवडायला हवी, एवढीच काय ती खरी चाळणी. १९२० च्या दशकात परीक्षा उतरणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तेव्हा अध्यक्ष अ‍ॅबट लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. उघड मर्यादा नाकारली गेली, पण ‘चारित्र्य’, छायाचित्र, शिफारस, मुलाखत अशा न मोजता येणाऱ्या गोष्टी अर्जात शिरल्या. आज ज्याला ‘सर्वांगीण मूल्यमापन’ म्हणतात त्याचा उगम असा फारसा अभिमानास्पद नाही. १९३० च्या दशकात अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी देशभरच्या हुशार मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि निवडीसाठी एसएटी चाचणी वापरली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना मिळालेल्या शिक्षणसाहाय्यामुळे आणि त्यांच्या पुढच्या पिढीमुळे अर्जांचा पूर आला. मोटारी आणि महामार्ग मध्यमवर्गाच्या हाती आले होतेच. शाळेच्या शेवटच्या वर्षांतील मुलाला घेऊन चार-पाच विद्यापीठे हिंडण्याची अमेरिकन कौटुंबिक सहल या सगळ्यातून रूढ झाली. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांचीच क्रिम्सन की सोसायटी १९४८ पासून पाहुण्यांना आवार दाखवते.

या सहलीत मुलगी बरोबर असेल तर तिच्यासाठीचे उत्तर फार उशिरा आले. १८७९ मध्ये मुलींना हार्वर्डच्याच प्राध्यापकांकडून शिकवण्याची वेगळी सोय झाली, तिचे १८९४ मध्ये रॅडक्लिफ कॉलेज झाले. पण पदवी हार्वर्डची नव्हे. हार्वर्डची पदवी त्यांना १९६३ पासून मिळू लागली. लॅमंट या पदवी विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयात त्यांना १९६७ पर्यंत प्रवेश नव्हता आणि यार्डातील वसतिगृहांत त्या राहू लागल्या १९७२ मध्ये. रॅडक्लिफचे पूर्ण विलीनीकरण झाले १९९९ मध्ये. म्हणजे आज नातीचा हात धरून आलेल्या एखाद्या आजीला तिच्या तरुणपणी या आवारात राहायला जागा मिळाली नसती.

१९७० मध्ये आलेल्या ‘लव्ह स्टोरी’ या चित्रपटाने हे आवार जगभरच्या पडद्यावर नेले. नियतकालिकांत छापल्या जाणाऱ्या विद्यापीठांच्या क्रमवाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून उरलेले काम केले. चीनमध्ये २००० साली ‘हार्वर्ड गर्ल लिऊ यीतिंग’ हे पुस्तक निघाले. मुलीला हार्वर्डला पाठवण्यासाठी तिला बाळपणापासून कसे वाढवले, हे तिच्याच आईवडिलांनी लिहिलेले. त्याच्या लाखो प्रती खपल्या, आणि उन्हाळी सुट्टीत शाळकरी मुलांच्या ‘अभ्याससहली’ बसगाड्या भरून हार्वर्ड चौकात उतरू लागल्या. पहाटे साडेचारला हार्वर्डचे ग्रंथालय भरलेले असते, त्याच्या भिंतींवर परिश्रमाची सुवचने कोरलेली आहेत, अशाही कथा तिकडे पसरल्या. भिंतींवर तशी सुवचने नाहीत. भारतीय पाहुण्यांचा ओघ मुख्यतः नातेवाइकांमार्फत येतो: बॉस्टन परिसरात नोकरीसाठी स्थिरावलेली कुटुंबे उन्हाळ्यात भेटीस आलेल्या आईवडिलांना आणि सुट्टीवर आलेल्या भाचरांना हार्वर्ड आणि जवळचेच एमआयटी एका दिवसात दाखवतात.

या वाढत्या गर्दीचा ताण यार्डात राहणाऱ्यांवर पडतो. १९३० पासून वरच्या वर्गांतले विद्यार्थी नदीकाठच्या ‘हाउस’ पद्धतीच्या वसतिगृहांत गेले आणि यार्डातल्या जुन्या इमारती पहिल्या वर्षाच्या मुलांकडे आल्या. त्यामुळे पर्यटक ज्या खिडक्यांची छायाचित्रे घेतात त्यांच्यामागे घर सोडून नुकतीच आलेली अठरा वर्षांची मुले राहतात. दुसरीकडे, पाहण्याजोग्या खुणांत नवी भरही पडली आहे. १७२६ च्या वॉड्सवर्थ हाउसच्या भिंतीवर २०१६ मध्ये टायटस, व्हीनस, बिल्हा आणि जुबा या चार गुलामांची नावे असलेली पाटी बसवली गेली. विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरी ते राबत होते. पुतळ्याभोवतीच्या गर्दीतले फार थोडे या पाटीपर्यंत पोहोचतात, वास्तविक ती जॉन्स्टन गेटपासून दोन मिनिटांच्या अंतरावर आहे.

फाटके नेहमीच उघडी असतात असे नाही. २०११ च्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनात, २०२० च्या साथीत आणि २०२४ च्या वसंतात गाझा युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले तेव्हा यार्ड ओळखपत्रधारकांपुरते मर्यादित झाले. पदवीदानाच्या दिवसांतही पास लागतो. एरवी दिवसा आवारात फिरायला शुल्क नाही. विद्यापीठातर्फे होणाऱ्या फेरीसाठी आधी नाव नोंदवावे लागते, आणि काचेच्या फुलांच्या संग्रहालयाला तिकीट आहे. २०२१ मध्ये प्रवेशासाठी ५७ हजारांहून अधिक अर्ज आले आणि त्यांतील चार टक्क्यांहून कमी स्वीकारले गेले. विद्यापीठाच्या स्वतःच्या निवेदनानुसार, अर्जदाराने आवाराला भेट दिली होती की नाही याचा त्या निवडीत विचार केला जात नाही.